२० कनेक्शन, १२८ थ्रेड

[दृश्य: काळा पडदा. सर्व्हरचा लॉग भराभर वर सरकतो आणि एका ओळीवर थांबतो.]

आयजे०००४५३. अनेबल टू गेट मॅनेज्ड कनेक्शन.

वाइल्डफ्लाय, म्हणजे जावा अॅप्लिकेशन चालवणारा सर्व्हर, सांभाळणाऱ्यांना हा क्रमांक तोंडपाठ असतो: डेटाबेसशी कनेक्शन मिळत नाही. सर्व्हर चालू आहे, डेटाबेस चालू आहे, सीपीयूवर भारही फारसा नाही, तरी एकही पान उघडत नाही. खरं कारण काही ओळी खाली, ‘कॉज्ड बाय’च्या पुढे असतं: आयजे०००६५५. ३०,००० मिलिसेकंद वाट पाहिली, कनेक्शन मिळालं नाही.

[दृश्य: कागदावर पेनने आकडेमोड.]

८ कोअरचं मशीन घेऊ. वाइल्डफ्लाय कोअरमागे १६ या हिशेबाने १२८ वर्कर थ्रेडपर्यंत, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या १२८ कामगारांपर्यंत, जातो. डेटासोर्सचा (डेटाबेसशी जोडणाऱ्या सेटिंगचा) कनेक्शन पूल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनचा साठा, मात्र, आपण काही लिहिलं नसेल तर, २० वर थांबतो. खानावळीत १२८ माणसं बसली आहेत आणि ताटं २०. एकाचं जेवण झालं की ताट धुऊन पुढच्याला. यात गैर काही नाही. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) २५ मिलिसेकंदांत संपत असेल, तर २० कनेक्शनवर सेकंदाला ८०० क्वेरी निघतात.

घोटाळा होतो तो १५ सेकंद चालणाऱ्या अहवालाने. २० जणांनी तो एकाच वेळी मागवला की पूल संपला. उरलेले १०८ थ्रेड एकेक करून रांगेत अडकतात आणि प्रत्येक जण ३० सेकंदांपर्यंत तिथेच उभा राहू शकतो. मग ज्या पानाला डेटाबेसची गरजच नाही, तेही उघडत नाही, कारण ते दाखवायला थ्रेड शिल्लक नसतो.

अशा वेळी पहिला हात जातो तो पूलच्या आकड्याकडे. २० चे १०० करून टाकू. इथे थांबून पलीकडचा आकडा बघायला हवा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मॅक्स-कनेक्शन्सची मूळ किंमत १००, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. म्हणजे हातात ९७. बॅकअप, देखरेखीची साधनं आणि डीबीएचं (डेटाबेस सांभाळणाऱ्याचं) स्वतःचं सत्र यांच्यासाठी १७ बाजूला काढली तर ८० उरतात. वाइल्डफ्लायचे ४ सर्व्हर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पुन्हा २०च. प्रत्येकी १०० लिहिले, तर ज्या दिवशी खरी गर्दी होईल त्या दिवशी पोस्टग्रेसच सांगेल की उरलेल्या जागा राखीव आहेत. तिथला आकडाही डोळे झाकून वाढवता येत नाही, कारण प्रत्येक कनेक्शनसाठी पोस्टग्रेस वेगळी प्रोसेस उघडतं आणि ती मेमरी खाते. नवी आवृत्ती चढवताना थोडा वेळ जुना आणि नवा असे दोन्ही सर्व्हर चालू राहत असतील, तर भागाकार ४ ने नाही, ५ ने करायचा.

बदलायची आहे ती वाट पाहण्याची मुदत. ब्लॉकिंग-टाइमआउट-वेट-मिलिस ३०,००० वरून ५,००० वर आणा. कनेक्शन ५ सेकंदांत मिळालं नाही, तर ते तिसाव्या सेकंदाला मिळेल या आशेवर थ्रेड अडकवून ठेवण्यात अर्थ नाही.

या मुदती एकमेकींच्या पोटात बसायला हव्यात. समोर एन्जिनएक्स हा विनंत्या पुढे पाठवणारा वेब सर्व्हर असेल तर तो मूळ सेटिंगप्रमाणे ६० सेकंद थांबतो. त्याच्या आत पूलचे ५ आणि क्वेरी-टाइमआउटचे ३० सेकंद बसतात. जेडीबीसी ड्रायव्हरचा (जावाला डेटाबेसशी बोलू देणाऱ्या भागाचा) सॉकेट-टाइमआउट ४० ठेवा, म्हणजे क्वेरी आधी रीतसर रद्द होईल आणि सॉकेट तोडायची वेळ क्वचितच येईल. तो लिहिलाच नाही तर पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरमध्ये त्याची किंमत शून्य असते, म्हणजे अनंत काळ वाट. एका पानामागे चार-पाच क्वेरी धावत असतील तर हे आकडे आणखी खाली आणावे लागतात.

[दृश्य: रात्रीचे २. रिकामं ऑफिस. टर्मिनलवर पूलची आकडेवारी.]

आता गळती, म्हणजे घेतलेलं पण परत न दिलेलं कनेक्शन. डेटासोर्सवर स्टॅटिस्टिक्स-एनेबल्ड ट्रू करा, कारण मुळात ते बंद असतं. मग रात्री, साइटवर कुणी नसताना, इनयूजकाउंट, म्हणजे वापरात असलेल्या कनेक्शनचा आकडा, वाचा. तो शून्य असायला हवा. तिथे ७ दिसले आणि कुठलंही रात्रीचं काम चालू नसेल, तर ७ ताटं कुणीतरी घरी नेली आहेत: कोडमध्ये कनेक्शन उघडलं, मध्येच एक्सेप्शन आलं आणि क्लोजपर्यंत गाडी पोचलीच नाही. ती जागा शोधायला चाचणी-सर्व्हरवर कॅश्ड-कनेक्शन-मॅनेजरचा डीबग चालू करा. आयजे०००१००च्या ओळीसोबत पूर्ण स्टॅक ट्रेस (कोड कुठून कुठे गेला त्याची यादी) मिळतो आणि त्यात थेट क्लासचं नाव, ओळीचा क्रमांक. प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर मात्र हा डीबग ठेवू नका, त्याने वेग मंदावतो.

सकाळी पहिल्याच माणसाचं पान अडकतं, दुसऱ्यांदा उघडलं की चालतं, ही तक्रार वेगळी. अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेसच्या मध्ये फायरवॉल आहे. समजा ती १५ मिनिटं शांत राहिलेलं कनेक्शन विसरून जाते आणि कुणाला कळवतही नाही. पूल मात्र रिकामं कनेक्शन ३० मिनिटं जपून ठेवतो. मधल्या काळात त्याच्या हातात असतं ते मेलेलं कनेक्शन. आयडल-टाइमआउट १० मिनिटांवर आणा, पोस्टग्रेससाठीचा व्हॅलिड-कनेक्शन-चेकर लावा आणि व्हॅलिडेट-ऑन-मॅच चालू करा. प्रत्येक वेळी एक छोटी तपासणी वाढते, पण मेलेलं कनेक्शन वापरकर्त्यापर्यंत पोचत नाही.

[दृश्य: कॉन्फिगरेशनची फाइल. पासवर्डची ओळ धूसर केलेली.]

डेटाबेसकडे जाणाऱ्या दारावरही ओळख पटवावी लागते. पोस्टग्रेस १४ पासून, म्हणजे २०२१ पासून, नवे पासवर्ड स्क्रॅम-शा-२५६ पद्धतीने साठवले जातात. ड्रायव्हर ४२.२.० पेक्षा जुना असेल तर ‘ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड’ असा संदेश येतो. पासवर्ड बरोबर असतो, चुकीची असते ती ड्रायव्हरची जार फाइल. तो संदेश पाहून पासवर्ड बदलत बसू नका.

तो पासवर्ड स्टँडअलोन-एक्सएमएल या वाइल्डफ्लायच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये साध्या अक्षरांत ठेवणं धोक्याचं आहे, कारण ही फाइल गिटमध्ये जाते, बॅकअपमध्ये जाते, मदत मागताना ईमेललाही जोडली जाते. एलिट्रॉन या वाइल्डफ्लायच्या सुरक्षा-यंत्रणेचं क्रेडेन्शियल स्टोअर (पासवर्डची कुलूपबंद पेटी) तयार करा, त्यात पासवर्ड एका टोपणनावाखाली ठेवा आणि डेटासोर्समध्ये फक्त त्या टोपणनावाचा उल्लेख करा. पण काम एवढ्यावर संपत नाही. वाइल्डफ्लाय जुन्या कॉन्फिगरेशनच्या प्रती स्टँडअलोन-एक्सएमएल-हिस्ट्री या फोल्डरमध्ये जपतो आणि कमांड लाइनवर टाइप केलेल्या आज्ञा होम फोल्डरमधल्या जेबॉस-सीएलआय-हिस्ट्रीत राहतात. दोन्हीकडे जुना पासवर्ड जसाच्या तसा सापडतो. म्हणून स्टोअर तयार झाल्यावर डेटाबेसमधला पासवर्डच बदला आणि नवा पासवर्ड एलिट्रॉन-टूलने स्टोअरमध्ये भरा. स्टोअरच्या फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), आणि मालकी सर्व्हर चालवणाऱ्या यूजरकडे.

[दृश्य: लॉगिनचं पान.]

वापरकर्त्यांची ओळख हा या साखळीतला शेवटचा दुवा. जुनी सुरक्षा-यंत्रणा वाइल्डफ्लाय २५ मध्ये काढून टाकली गेली, त्यामुळे लॉगिन-मॉड्यूल लिहायला सांगणारी जुनी मार्गदर्शनं आता उपयोगाची नाहीत. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीशी, म्हणजे संस्थेच्या वापरकर्त्यांच्या यादीशी, जोडायचं तर आधी डिर-कॉन्टेक्स्ट (तिच्याशी जोडणीचं सेटिंग): पत्ता एलडीएपीएसने (डिरेक्टरीशी बोलायच्या एलडीएपी पद्धतीच्या सुरक्षित रूपाने) सुरू होणारा, पोर्ट ६३६. पत्त्यात आयपी नको, सर्टिफिकेटवर असलेलंच होस्टनेम हवं. ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ आलं, तर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं रूट सर्टिफिकेट ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासू सर्टिफिकेटांच्या साठ्यात) नाही असं समजा. ते आणून भरा. ३८९ वर साध्या एलडीएपीने काम भागवू नका, तिथे पासवर्ड नेटवर्कवरून उघडा जातो.

मग एलडीएपी-रेल्म, म्हणजे वापरकर्ता कसा शोधायचा आणि तपासायचा त्याचं सेटिंग. त्यात डायरेक्ट-व्हेरिफिकेशन ट्रू हवंच, कारण अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी कुणाचा पासवर्ड वाचू देत नाही. त्या माणसाच्या नावाने बाइंड (डिरेक्टरीत लॉगिन) करून बघणं हीच तपासणी. ओळखीचं क्षेत्र एसएएम-अकाउंट-नेम. भूमिका (कुणाला काय करता येईल ते) गटांवरून येतात. गटाच्या आत गट असेल तर साधा मेंबर फिल्टर फक्त माणूस थेट सदस्य असलेले गट शोधतो, बाहेरचा गट त्यातून निसटतो.

हे निसटणं ओळखायला एरर कोड पुरतो. ४०१ आला तर नाव किंवा पासवर्ड पटलेला नाही. ४०३ आला तर माणूस ओळखला गेला, पण त्याला भूमिका मिळालेली नाही, म्हणून शोध गटांच्या फिल्टरमध्ये घ्यायचा. नेमकं काय घडलं ते बघायला ओआरजी-वाइल्डफ्लाय-सिक्युरिटी या लॉगची पातळी ट्रेस करा, एकदा लॉगिन करा, ओळी वाचा आणि लगेच ती इन्फोवर परत आणा. ट्रेस चालू राहिला तर वापरकर्त्यांची नावं आणि डिरेक्टरीतले त्यांचे पूर्ण पत्ते लॉगच्या फाइलमध्ये साचत जातात.