कोंबडीचं झबलं

पत्रिकेवर विषय छापलाय 'कोंबड्यांची पीसगळ आणि नराचा उपद्रव'. वेळ वीस मिनिटं, त्यातली पाच हार-नारळात गेली. तरी आधी झबल्याचं सांगते, त्याशिवाय मला पुढचं सुचत नाही.

मागं मी बाजारातून दहा पिल्लं आणली. विकणारा शपथेवर म्हणाला, "मावशी, सगळ्या तलंगा." तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. काही महिन्यांनी त्यातल्या चार तलंगा आरवायला लागल्या. हसू नका, निम्म्यांचं हेच झालंय. एका कोंबड्यामागे ८-१० कोंबड्या हव्यात, माझ्याकडे चौघांत सहा! दोन पाहुण्यांत खपले. उरलेल्या दोघांनी आमच्या चिमणीची पाठ उघडी पाडली. चिमणी म्हणजे करडी कोंबडी, गरीब स्वभावाची. कोंबडा चढताना चोचीनं मानेची पिसं धरतो, पाठीवर नखं रोवून तोल सांभाळतो. त्यात एखादी आवडती असली की रोज तिचीच पाठ.

मग जुनी जीन घेऊन टेलरकडे गेले. त्यानं माप विचारलं, सांगितलं. "नात केवढी आहे?" म्हटलं, नात नाही, कोंबडी आहे. त्यानं मशीन थांबवलं. मग वहीत लिहिलं, 'चिमणी, झबलं, १.' पाठीवर जाड कापड, पंखांत अडकवायला इलॅस्टिकचे दोन फास. दुपारपर्यंत गावभर झालं. अजून कुणी लग्नपत्रिका घेऊन आलं की विचारतं, "चिमणीला आहेर काय?"

झबलं चांगलं चाललं होतं. दिवस लहान होत गेले, दसऱ्याच्या सुमारास चिमणी पिसं टाकायला लागली, अंगणात कुणी उशी फोडावी तशी. हीच वर्षाची पीसगळ, जुनी पिसं गळून नवी येतात. आणि उचलायला गेलं की अंग चोरायची. झबलं वर करून बघते तर काय, पाठीवर निळसर कोंब, साळिंदराच्या काट्यांसारखे, कापडाखाली चेपलेले. एक मोडलेला, त्यातून रक्त. कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त असतं हो! ते दिसलं की बाकीच्या तिथंच टोचतात.

घंटा? इतक्यात? बरं, भरभर सांगते.

मोडलेलं पीस लगेच परत येत नाही. मुळासकट उपटलं तर येतं, पण मोडलं तर खुंट कातडीत अडकून बसतो, तो गळतो पीसगळीतच. म्हणजे वर्षाची डागडुजी त्या ८ ते १२ आठवड्यांत. तेव्हाच कोंबड्यानं कोंब मोडले की पुढचं वर्ष उघड्या पाठीनं. म्हणून झबलं एरवी घाला, पीसगळीत काढा आणि कोंबड्यालाच हलवा. जाळीपलीकडे, पण नजरेसमोर, म्हणजे परत सोडताना भांडणं कमी. अंडी फळायची कशी, असं विचारू नका. एक तर त्या दिवसांत बहुतेक कोंबड्या अंडी देत नाहीत, आणि एखादीनं दिलीच तर कोंबडा काढल्यावरही आठ-दहा दिवस फळतात.

खाण्याचं. पीस म्हणजे ८५ टक्के प्रथिनच. नुसत्या कण्या टाकून ते कुठून येणार? सोयाबीन पेंड द्या, बिनमिठाचा जवळा द्या, वाळवी मिळाली तर सोनं. कोंबड्याला दोष देण्याआधी शेपटीखालची पिसं फुंकून उवा बघा. कोंबांचं वेष्टण गळून पीस पुरतं उलगडलं की कोंबड्याला परत सोडा.

नखं बोथट करायचं राहिलंच. कानशीनं घासतात, रात्री, तो पेंगत असताना, एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं घासायचं. चहाच्या वेळी विचारा. झबलंही पिशवीत आणलंय.