वीस मिलिग्रॅमची गोष्ट

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या नाशिक जिल्ह्यात तोंडाचा कर्करोग काही परका नाही. निफाड, सिन्नर, कळवणकडून पेशंट शहरात येतो तो बहुधा गाठ पसरल्यावरच. मग नातेवाइकांच्या कानावर ‘इम्युनोथेरपी’, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढवणारा उपचार, पडते आणि पाठोपाठ खर्चाचा आकडाही. हे औषध आलं कुठून, ते आज सांगते.

अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅलिसन यांचा जन्म १९४८चा, टेक्सासमधला. आई लिम्फोमा नावाच्या कर्करोगानं गेली तेव्हा ते शाळकरी पोर होते. पुढे ते जीवशास्त्राकडे वळले आणि एकाच प्रश्नाच्या मागे लागले: आपल्या रक्तातली रोगाशी लढणारी टी-पेशी शत्रूला ओळखते कशी? १९८२ साली त्यांच्या गटानं ओळख पटवणारं प्रथिन वेगळं काढलं. नंतर त्यांनी हात घातला सीटीएलए-४ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला. हे प्रथिन म्हणजे टी-पेशीचा ब्रेक. इतर शास्त्रज्ञ तो ब्रेक दाबून संधिवातासारखे आजार आवरता येतील का, हे पाहत होते. अ‍ॅलिसननी उलटं केलं. ब्रेकला अँटिबॉडी, म्हणजे नेमकं त्यालाच पकडणारं प्रथिन, चिकटवून तो निकामी केला; टी-पेशी मोकळ्या सुटल्या आणि उंदरांच्या कर्करोगाच्या गाठी विरघळल्या. हे १९९६ साली प्रसिद्ध झालं, पण माणसासाठी औषधाला मंजुरी मिळायला २०११ उजाडलं. जपानच्या तासुकु होंजो यांनी पीडी-१ हा दुसरा ब्रेक शोधला होता. २०१८चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

ही अँटिबॉडी गोळीत मावणारी नाही. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं, चार साखळ्यांचं हे भलंमोठं प्रथिन जिवंत पेशींकडून मोठ्या टाक्यांत बनवून घ्यावं लागतं. मग ते शुद्ध करायचं आणि २ ते ८ अंशांतच ठेवायचं. गोठलं किंवा जोरात हलवलं, तर रेणू एकमेकांना चिकटतात आणि औषध वाया जातं. किंमत चढायला हेही एक कारण.

म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियलचं काम मला फार मोलाचं वाटतं. पीडी-१ रोखणाऱ्या निवोलुमॅबचा नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. टाटाच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या १५१ पेशंटवर चाचणी घेतली. सगळ्यांना कमी मात्रेच्या केमोच्या गोळ्या होत्याच. निम्म्यांना त्याच्या जोडीला फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब, दर तीन आठवड्यांनी. वर्षभरानंतर नुसत्या गोळ्यांवर शंभरात सुमारे १६ जण हयात होते, इंजेक्शनसह ४३. चाळीस मिलिग्रॅमच्या एका बाटलीत दोघांचा डोस निघतो!

सगळ्यांना गुण येतो असं नाही. ब्रेक सुटला की टी-पेशी कधी आपल्याच आतड्यावर, थायरॉइडवर उठतात. जुलाब लागले तर घरगुती इलाज न करता लगेच डॉक्टरांना कळवा. खर्चाच्या धास्तीनं उपचार सोडण्याआधी कर्करोगतज्ज्ञांना कमी डोसबद्दल जरूर विचारा. आणि तंबाखू-मिशरी लावणाऱ्या कुणाच्या तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नसेल, तर त्याला या आठवड्यातच दाखवायला घेऊन जा.

नमस्कार.