माफ झालेल्या फीची पावती

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, पंख्याखालच्या खुर्च्या आधी भरल्या, म्हणजे तुम्ही ऐकायच्या तयारीनंच आलाय. विषय आहे ‘मोफत उच्च शिक्षण आणि सक्तीची फी’. वेळ चाळीस मिनिटं. मी एकतीस वर्षं एका कॉलेजात फीच्या खिडकीत बसलो. चाळीस मिनिटांत रांग संपल्याचं मला तरी आठवत नाही.

आधी एक जुनं दुखणं सांगतो. १९७८ साली मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला होतो. पावतीवर एक ओळ : जिमखाना, बारा रुपये. जिमखाना म्हणजे जिन्याखालची खोली, दोन कॅरम बोर्ड आणि पावडरचा डबा. सोंगट्या होत्या, स्ट्रायकर नव्हता. शिपायाला विचारलं, तर म्हणाला, “स्ट्रायकर सरांकडं हाय बे.” सर म्हणाले, कपाटात आहे. कपाटाची किल्ली हेडक्लार्ककडं आणि हेडक्लार्क गड्ड्यावर, सिद्धेश्वराच्या यात्रेत! शेवटी एका मित्रानं डब्यातली कडक भाकरी काढली, कडा मोडून मोडून गोल केली आणि बोर्डावर ठेवली. हसू नका, दोन डाव झकास चालली. तिसऱ्या डावात राणी घ्यायला गेला आणि स्ट्रायकरचे तीन तुकडे. शेंगाचटणी होतीच, खाऊन टाकला.

तीन वर्षांचे छत्तीस रुपये भरले, खरा स्ट्रायकर काही दिसला नाही. पुढं मीच खिडकीच्या आत बसलो आणि पोरांकडून तीच जिमखाना फी घेतली. एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी काय सांगणार होतो?

आता मुद्द्यावर येतो. जुलै २०२४ मध्ये आपल्या सरकारनं शासन निर्णय काढला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. चांगलं काम झालं, माझी टाळी आहे. आमच्या शेजारच्या बाई विड्या वळतात. पोरीला प्रवेश मिळाला, तेव्हा पेढे घेऊन आल्या आणि मला सोबत घेऊन गेल्या. पावती हातात आली. शिक्षण शुल्क शून्य, परीक्षा शुल्क शून्य. त्याखाली ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विकास निधी, अश्वमेध. बेरीज चार हजारांच्या वर. बाईंनी बोट ठेवून विचारलं, “भाऊ, वर शून्य हाय, मग खाली कशाचे?” आणि अश्वमेधावर बोट थांबलं, “घोडा कुठाय?” मी सांगितलं, विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाचं नाव आहे ते. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि नोटा दोनदा मोजल्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अजून जर्मनी राहिलीय हो!

तर पटकन. तिथं काही राज्यांनी मध्यंतरी सत्राला पाचशे युरोपर्यंत शिक्षण शुल्क लावलं होतं. २०१४ पर्यंत सगळ्यांनी ते मागं घेतलं. तरीही दर सत्राला एक सक्तीची वर्गणी असतेच. त्यात खाणावळी-वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थेचा वाटा, विद्यार्थी संघटनेचा वाटा आणि बऱ्याच ठिकाणी बस-रेल्वेचा पास. पासला माझी हरकत नाही. पैसे भरले, पास खिशात. कित्येक ठिकाणी तो घ्यायचा की नाही, यावर विद्यार्थ्यांनीच मतदान केलंय.

गंमत पुढंच आहे. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात नोंदणी नूतनीकरणाची फी शंभर मार्क होती. विद्यार्थी कोर्टात गेले. हिशेब निघाला : एका नूतनीकरणाचा खर्च आठ मार्क तेहतीस पफेनिग! मार्च २००३ मध्ये घटनापीठानं... माफ करा, तिथल्या सर्वोच्च घटना न्यायालयानं ती फी रद्द केली. नाव नूतनीकरणाचं लावलंत, तर त्या नावाखाली भलताच खर्च वसूल करता येणार नाही. निकाल लागेपर्यंत मार्क हे चलनच गेलं होतं, ते सोडा.

माझं मागणं एवढंच. पावतीच्या पाठीमागं प्रत्येक नावापुढं दोन आकडे छापा : गेल्या वर्षी किती जमा, किती खर्च. पाठ कोरीच असते, शाईचाच काय तो खर्च. आणि सक्तीच्या वर्गणीवर पोरांचं मत घ्या. त्याची पद्धत सांगायची होती, पण अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय.

बाईंची पावती मी मागून आणलीय. ज्यांना बघायची आहे, त्यांनी जाताना बघा. अक्षर बारीक आहे, चष्मा लागेल.