मॉडिफाइड स्टार्च: किती बदलायचं आणि कशासाठी

(खाद्यतंत्रज्ञान आणि औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर फूड टेक्नॉलॉजीची मुलं आहेत आणि बी. फार्म.चीही आहेत. म्हणून मी मुद्दाम असा विषय निवडला, ज्याचं पोतं तुम्हा दोघांच्याही गोदामात असतं. सॉस घट्ट करायला स्टार्च लागतं आणि गोळी पोटात गेल्यावर फुटायलाही स्टार्च लागतं. पण आज आपण त्याच्याकडून जेवढी कामं करून घेतो, तेवढी नुसत्या मक्याच्या किंवा बटाट्याच्या स्टार्चला जमत नाहीत. त्यात थोडा बदल करावा लागतो. हा 'थोडा' म्हणजे नेमका किती, हे मला आज सांगायचं आहे, कारण या विषयातलं सगळं कसब तिथेच आहे.

कुरडईचा चीक तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घरी पाहिला असेल. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी बदलत राहायचं, मग वाटायचे, गाळायचे आणि रात्रभर झाकून ठेवायचे. सकाळी वरची निवळ ओतून टाकली की खाली जो पांढराशुभ्र साका राहतो, तो बहुतांशी गव्हाचा स्टार्च. आपल्याकडे दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना आहे. अशा कारखान्यांतही तत्त्व हेच असतं. फरक इतकाच की भिजवणीच्या पाण्यात सल्फर डायऑक्साइड असतो आणि स्टार्च वेगळा करायला हायड्रोसायक्लोन, म्हणजे मिश्रण गरगर फिरवून जड कण बाजूला काढणारे शंकू, असतात.

आता तो चीक शिजायला ठेवा. पातेल्यात बराच वेळ पळी सहज फिरते, आणि मग काही क्षणांत हात जड होतो. स्टार्चच्या कणात ग्लुकोजच्या दोन प्रकारच्या साखळ्या असतात: सरळ अमायलोज आणि फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन. मक्याच्या स्टार्चमध्ये साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान कणाची आतली बांधणी सुटते, कण पाणी ओढून टम्म फुगतो आणि मिश्रण दाटतं. यापुढे उष्णता देत राहिलात, जोरात ढवळत राहिलात किंवा त्यात आंबट काही घातलंत, तर फुगलेले कण फुटतात आणि दाटपणा उतरतो. गार होताना अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटतात, खीर किंवा ग्रेव्ही थिजते, आणि दोन दिवसांनी तिला पाणी सुटतं. कुरडईला यातलं काहीच आड येत नाही, कारण ती लगेच उन्हात वाळते. कारखान्यातल्या सॉसला मात्र ही चैन नाही.

टोमॅटो सॉसच्या वाटेला काय काय येतं ते एकदा लिहून काढा. पीएच चारच्या आसपास, म्हणजे चांगलाच आंबट. वर उकळणं, पंपातून ढकलणं, गरम असतानाच बाटलीत भरणं, आणि मग दुकानाच्या फळीवर कित्येक महिने. साधा मक्याचा स्टार्च हे सोसत नाही. इथे क्रॉसलिंकिंग कामी येतं. कणाच्या आत शेजारी-शेजारी असलेल्या दोन साखळ्यांना मध्ये एक टाका घालायचा. तो फॉस्फेटचा असेल किंवा अ‍ॅडिपेटचा. मग कण फुगतो, पण फुटत नाही.

पाकिटावर आयएनएस १४२२ असा क्रमांक तुम्ही पाहिला असेल. अन्नात घालायच्या पदार्थांना दिलेला हा आंतरराष्ट्रीय क्रमांक. त्या स्टार्चमध्ये अ‍ॅडिपेटचे टाके असतात, आणि साखळ्या पुन्हा जवळ येऊ नयेत म्हणून अ‍ॅसिटाइल नावाचे छोटे रासायनिक गट बसवलेले असतात. अन्न-कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने त्यात अ‍ॅडिपेटची कमाल मर्यादा ०.१३५ टक्के ठेवली आहे. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करा. पाचशे-सहाशे ग्लुकोजमागे एक टाका, तोही कमाल मर्यादेला. प्रत्यक्षात त्याहून कमीच असतात. एवढ्याशा बदलाने स्टार्च आम्लात टिकतो, पंपात टिकतो. टाके वाढवत नेलेत तर कण फुगायचाच बंद होतो आणि तुम्ही सॉसमध्ये पांढरी पूड ढवळत बसता. अति तिथे माती हे इथे अक्षरशः खरं आहे.

मला या कामातली सर्वांत आवडती तपासणी अगदी स्वस्त आहे. कढईतला एक थेंब घ्या, पाण्याने पातळ करा, आयोडीनचं द्रावण लावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. कण गोल, फुगलेले आणि अखंड दिसले तर शिजणं बरोबर झालं. लहान, आक्रसलेले आणि कडक कडांचे दिसले तर शिजायला कमी पडलं. फाटलेली फोलपटं आणि सगळीकडे पसरलेला रंग दिसला तर जास्त शिजलं, किंवा पंपाने घात केला. साध्या मक्याचा रंग निळा-काळा येतो आणि वॅक्सी मक्याचा तांबूस, म्हणजे पुरवठादाराने कोणतं पोतं पाठवलंय हेही कळतं. दाटपणा मोजणारी लाखो रुपयांची व्हिस्कोमीटरं असलेल्या प्रयोगशाळांतसुद्धा ही काचपट्टी रोज करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

वॅक्सी मक्याचं नाव निघालंच आहे तर सांगते. या मक्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज जवळजवळ नसतंच. १९०८ साली चीनमधून त्याचं बियाणं अमेरिकेत गेलं, आणि पुढे कित्येक वर्षं ते संशोधकांच्या कुतूहलाचा विषय म्हणूनच राहिलं. दुसऱ्या महायुद्धात जपानने डच ईस्ट इंडीज (आजचं इंडोनेशिया) घेतलं आणि तिथून अमेरिकेला येणारा टॅपिओका, म्हणजे कसावाच्या कंदाचा स्टार्च, थांबला. तेव्हा आयोवातल्या शेतांत हा मका पर्याय म्हणून उभा राहिला. गोठवलेल्या पदार्थांत त्याला आजही मान आहे. पण उणे १८ अंशांवर नुसता वॅक्सी स्टार्चही पुरत नाही. त्यावर हायड्रॉक्सिप्रोपिल गट बसवावे लागतात. ते साखळ्यांना जवळ येऊ देत नाहीत, आणि ग्रेव्ही वितळली तरी पाणी सुटत नाही.

शीतपेयांतल्या सुवासिक तेलांसाठी ऑक्टेनिल सक्सिनेटचा स्टार्च वापरतात, आयएनएस १४५०. त्याचं एक अंग पाण्याकडे आणि एक तेलाकडे, म्हणून तो तेलाचे थेंब धरून ठेवतो. याच कामाला वापरल्या जाणाऱ्या सुदानच्या गम अरेबिकचा, म्हणजे बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकाचा, पुरवठा आणि भाव यांचा भरवसा नसतो, त्यामुळे उद्योगाला याची गरज भासली. याच संदर्भात आपल्या राजगिऱ्याकडेही बघा. त्याच्या स्टार्चचे कण एक-दोन मायक्रॉनचे, म्हणजे मक्याच्या मानाने फारच बारीक. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. रेखा सिंघल आणि सहकाऱ्यांनी त्यावर बरंच काम केलं आहे. अशा बारीक कणांचे गोळे बनवून त्यांत व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा सुवास देणारं द्रव्य, धरून ठेवण्याचेही प्रयोग झाले आहेत. उपासाचं धान्य एवढीच त्याची ओळख राहावी, याचं मला वाईट वाटतं.

आता फार्मसीच्या मुलांकडे वळते. गोळीमध्ये स्टार्च तीन कामं करतो: भर घालणं, पूड बांधणं आणि पोटात गेल्यावर गोळी फोडणं. पॅरासिटामॉलची पूड नीट दाबली जात नाही. म्हणून जुन्या पद्धतीत स्टार्चची खळ करून ती पुडीत मळतात, दाणे पाडतात आणि वाळवतात. खळ करताना गुठळी राहिली की ती शेवटपर्यंत छळते. अंशतः शिजवून वाळवलेला, म्हणजे प्रीजिलॅटिनाइज्ड स्टार्च आला आणि बऱ्याच गोळ्या कोरड्या पुडीतूनच थेट दाबता येऊ लागल्या.

पण खरी करामत सोडियम स्टार्च ग्लायकोलेटची आहे. बहुधा बटाट्याचा स्टार्च घेतात आणि त्यावर कार्बॉक्सिमिथाइल गट बसवतात, चार ग्लुकोजमागे साधारण एक. या गटांना पाण्याची जबरदस्त ओढ असते. एवढंच केलं असतं तर कण पाण्यात विरघळून चिकट लगदा झाला असता, म्हणून त्यात टाकेही घालतात. मग कण पाणी ओढतो, मूळ आकाराच्या कित्येक पट फुगतो, पण विरघळत नाही. गोळी आतून ढकलली जाते आणि सुटी होते.

ही गोष्ट डिसइंटिग्रेशनच्या, म्हणजे गोळी फुटायला किती वेळ लागतो ते तपासण्याच्या, यंत्रात डोळ्यांनी बघा, नुसती वाचू नका. सहा नळ्यांत सहा गोळ्या, खाली जाळी, ३७ अंशांचं पाणी, आणि मिनिटाला तीसेक वेळा खालीवर होणारी टोपली. भारतीय औषधकोशानुसार आवरण नसलेली साधी गोळी पंधरा मिनिटांच्या आत फुटायला हवी. चार टक्के ग्लायकोलेट घातलेली गोळी बघता बघता ढासळते. मग विद्यार्थ्याला वाटतं की दहा-बारा टक्के घातलं तर अजून लवकर फुटेल. तसं होत नाही. आठ टक्क्यांच्या पुढे गेलात की फुगलेल्या कणांचा गोळीभोवती जेलसारखा थर बसतो, आत पाणी शिरायला वाट राहत नाही, आणि गोळी उलट जास्त वेळ घेते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जठरातल्या आम्लात हे कण पाण्यातल्याइतके फुगत नाहीत, कारण आम्लात त्या गटांवरचा विद्युतभार जातो. पाण्यातला आकडा बघून खूश होऊ नका.

अ‍ॅस्पिरिनच्या गोळीत आणखी एक अडचण असते. साध्या स्टार्चमध्ये दहा-बारा टक्के ओलावा सहज असतो. तो अ‍ॅस्पिरिनला मिळाला की त्याचं विघटन होतं आणि बाटली उघडताच व्हिनेगरचा वास येतो. तिथे कमी ओलाव्याचा स्टार्चच हवा, आणि पावसाळ्यात गोळ्या दाबण्याच्या खोलीतली आर्द्रता आवाक्यात हवी.

मॉडिफाइड स्टार्च सुरक्षित का, हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात येतो आणि तो यायलाच हवा. खाण्यातल्या स्टार्चबद्दल माझं उत्तर असं आहे: कोणता बदल, किती, आणि मागे काय उरलं याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत, आणि त्या पाळल्या असतील तर मी तो पदार्थ निर्धास्त खाते. पण 'स्टार्चच तर आहे' हा युक्तिवाद मला मान्य नाही. हायड्रॉक्सिइथाइल स्टार्च हे त्याचं उत्तर आहे. रक्त कमी झालेल्या किंवा सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने शरीरभर घात केलेल्या, रुग्णाला तो शिरेतून देत असत. साधा स्टार्च रक्तातलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) झटपट तोडतं, म्हणून दहा ग्लुकोजमागे चारेक गट बसवून तो टिकाऊ केला. तो टिकला, आणि शरीरात साठलाही. २०१२ साली स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत गंभीर सेप्सिसच्या सुमारे ८०० रुग्णांवर तुलना झाली. नव्वद दिवसांत हा स्टार्च मिळालेल्यांपैकी ५१ टक्के दगावले आणि साधं क्षारद्रावण रिंगर्स अ‍ॅसिटेट मिळालेल्यांपैकी ४३ टक्के. डायलिसिससारख्या उपचारांची गरजही जास्त लागली. २०२२ मध्ये युरोपीय संघाने त्याची विक्रीपरवानगी स्थगित केली. बदल किती केला, आणि पदार्थ तोंडातून जातो की शिरेतून, हे दोन प्रश्न सोडून सुरक्षिततेवर बोलताच येत नाही.

म्हणूनच पाकिटावर नुसतं 'मॉडिफाइड स्टार्च' असं लिहिलेलं मला पुरेसं वाटत नाही. क्रमांक छापा. ग्राहकाला १४१२ आणि १४५० मधला फरक आज कळणार नाही, पण कळून घ्यायचा असेल तर वाट उघडी हवी.

मगाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. त्यांचा बचत गट गोठवलेली भाजीची ग्रेव्ही विकायला काढतोय, आणि कॉर्नफ्लोअर घातलं की वितळताना पाणी सुटतं. ताई, पुरवठादाराकडून गोठवणीसाठीच्या हायड्रॉक्सिप्रोपिल स्टार्चचे दोन-तीन नमुने मागवा, आयएनएस १४४२ त्यातला नेहमीचा आहे. सोबत त्याचा ओलावा आणि शिजवण्याचं तापमान लेखी घ्या. प्रत्येक नमुन्याची सारखीच ग्रेव्ही करा, शेजारी तुमची कॉर्नफ्लोअरची ठेवा. रात्री गोठवा, सकाळी वितळू द्या, असं पाच वेळा करा. प्रत्येक वेळी ग्रेव्ही बारीक गाळणीत दहा मिनिटं ठेवून खाली आलेलं पाणी तोला आणि वहीत लिहा. पाचव्या दिवशी चव घ्या, कारण काही स्टार्च मसाल्याची चव दाबून टाकतात. त्यानंतरच भावाची बोलणी करा.