जायकवाडीचे शंकरराव

मित्रहो, शंकरराव चव्हाणांच्या पदांची यादी लांबलचक आहे. नांदेडचे नगराध्यक्ष, 1975 ते 77 आणि पुन्हा 1986 ते 88 असे दोनदा मुख्यमंत्री, केंद्रात अर्थमंत्री, गृहमंत्री. फायलीतली ओळ न् ओळ तपासायची आणि शिस्तीत हयगय चालवून घ्यायची नाही, म्हणून लोक त्यांना हेडमास्तर म्हणत. आज मात्र बोलायचं आहे ते त्यांच्यातल्या पाटबंधारे मंत्र्याविषयी, कारण मराठवाड्याला त्यांनी जे दिलं, म्हणजे मुख्यतः गोदावरीवरचं जायकवाडी धरण, ते याच खात्यातून दिलं.

मुळात जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातलं. निजामाच्या राजवटीत गोदावरीवर धरणाची कल्पना निघाली ती या गावाजवळ. पुढे राज्य पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आला, आणि धरणाची जागा नदीच्या वरच्या अंगाला सुमारे शंभर किलोमीटरवर, पैठणला सरकली. नाव तेवढं जायकवाडीच राहिलं. जागा का बदलली, हे नीट समजून घ्या. कालव्याचं पाणी उताराने जातं. धरण जितकं उंचावर, तितकी जास्त जमीन कालव्याच्या खाली येते, उपसा लागत नाही, विजेचं बिल येत नाही. पैठणहून डावा कालवा 208 किलोमीटर जालना-परभणीकडे जातो. उजवा 132 किलोमीटर बीडच्या अंगाने जाऊन सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाला पाणी देतो. शंकररावांनी या जागेचा आणि या आकाराचा आग्रह धरला. पैठण हे त्यांचं जन्मगाव, पण निर्णय उभा आहे तो जमिनीच्या चढउतारावर.

18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली. 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, तेव्हा मुख्यमंत्री शंकररावच होते. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, 27 दरवाजे, एकूण साठा 2,909 दशलक्ष घनमीटर, म्हणजे जवळपास 102 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्यातला उपयुक्त, म्हणजे प्रत्यक्ष वापरता येणारा, 2,171, म्हणजे साधारण 76 टीएमसी.

जागेची किंमतही मोजावी लागली. इथे नदीला खोल दरी नाही. साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरलेलं हे पाणी, भागाकार केला तर सरासरी खोली भरते जेमतेम आठ मीटर. उथळ आणि पसरट जलाशयातून उन्हाळ्यात बाष्पीभवन भरपूर होतं. पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव या तालुक्यांतली गावं नाथसागराखाली, म्हणजे या जलाशयाखाली, गेली, हेही हिशेबात धरलंच पाहिजे.

पुढचा घोळ कालव्यावरचा. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, त्यामुळे अस्तर उखडतं आणि पाणी मुरतं. त्यात मुखाकडचा शेतकरी ऊस लावतो. उसाला बारा महिने पाणी लागतं, आणि मग शेपटाकडच्या चारीत, म्हणजे शेतापर्यंत जाणाऱ्या छोट्या पाटात, पाण्याची पाळी पोचतच नाही. पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरला, मंजूर झाला, तरी चारी कोरडीच. खरीप आणि रब्बीला पाणी द्यायचं, उन्हाळ्यात नाही, हे आठमाही धोरण शंकररावांच्या दुसऱ्या मुख्यमंत्रिपदात, 1987 मध्ये आलं. उसाच्या राजकारणाला ते रुचणारं नव्हतं आणि अंमल ढिलाच राहिला. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत धाडसी निर्णय, धरणापेक्षाही मोठा.

सर्वांत अवघड दुखणं वरच्या अंगाचं. नाशिक-नगरकडची गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा, निळवंडे ही धरणं आधी भरतात, जायकवाडी शेवटी. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं, म्हणजे खोऱ्यातलं पाणी सगळ्यांना न्याय्य वाटून देण्याचं, कलम आलं. मेंढेगिरी समितीने 2013 मध्ये सूत्र मांडलं: 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं.

कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात सोडण्याआधी नदीतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या एकेक करून काढाव्या लागतात, नाहीतर पाणी तिथेच अडतं. काठावरचे कृषिपंप बंद राहावेत म्हणून वीज तोडावी लागते, पोलीस बंदोबस्त लावावा लागतो. कोरडं पात्र आधी स्वतःची तहान भागवतं, म्हणून विसर्ग मोठा आणि सलग ठेवायचा. थेंबथेंब सोडलेलं पाणी वाळूतच जिरतं. त्यात न्यायालयात याचिका, आंदोलनं, यात आठवडे जातात. आणि जितका उशीर, तितकी पैठणच्या कालव्यातली रब्बीची पहिली पाळी मागे जाते. हरभरा, गहू त्यासाठी थांबत नाहीत.