आबा आहेत तोवर

समोर दिसतंय ते बेळगावजवळच्या येळ्ळूरचं शिवार, मागं राजहंसगड, आणि बांधावरनं काठी टेकत चाललेत ते आमचे आबा. पावसाळ्यात भात, सुगी झाली की त्याच ओलीवर मसूर, असं हे रान चाललंय. कुठला बांध कुठं फुटतो, खालच्या वाफ्यात पाणी किती दिवस तुंबतं, सगळं आबांच्या डोक्यात.

आणि कागदावर बघाल तर जमीन अजून पणजोबांच्या नावावर! पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, कन्नडमध्ये, आबांना वाचता येत नाही, शेजारच्या पोराला बसवून एकेक नाव वाचून घेतलं तर निम्मी माणसं कधीच वारलेली. पौती खातं, म्हणजे वारसाची नोंद, त्यावेळी कुणी केलीच नाही, भावाभावांनी तोंडी वाटून घेतलं आणि कसत राहिले.

मग यंदा ठरवलं, आधी वंशावळ आणि मृत्यूचे दाखले गोळा करून पौती, नंतर मोजणी, कारण सर्व्हे नंबरातला तुकडा वेगळा करून दस्त करायचा तर 11 ई नकाशा, म्हणजे मोजणी करून काढलेला त्या तुकड्याचा सरकारी नकाशा, लागतोच.

पण खरं अवघड होतं ते आत्यांशी बोलणं. लग्नात घातलं की, आता कसला हिस्सा, असं आपल्याकडं अजून सर्रास म्हणतात. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढाच जन्मतः हक्क दिला, कर्नाटकात तर लग्न न झालेल्या मुलींना तो 1994 पासूनच होता, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं हेही सांगितलं की वाटणी तोंडीच झाली होती असं नुसतं म्हणून मुलीचा हक्क सहसा डावलता येत नाही. म्हणजे आमच्या घराची सगळी भिस्त ज्या तोंडी वाटणीवर, तीच कच्ची.

तरी घरात एकजण म्हणालाच, गोड बोलून हक्कसोडपत्रावर सह्या घेऊ. मला ते अजिबात पटलं नाही. दोघी आत्यांना बोलवलं, आबांच्या समोर पहाणी ठेवली, सगळं वाचून दाखवलं. थोरली आत्या बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं बाळा." तिला विहिरीजवळचे 10 गुंठे पाहिजेत. धाकटीनं अजून काही सांगितलेलं नाही, आणि तिला घाई करायची नाही असं आबांनीच बजावलंय.

आज थोरली आत्या आबांच्या मागनं बांधावर चाललीय, मी मोबाईलवर रेकॉर्ड करतोय. आबा खाली वाकून काठीनं दाखवतात, "ही मोरी, मिरगाच्या आधी उपसून घ्यायची, नाहीतर वरच्याचं सगळं पाणी आपल्या तरव्यात."

आत्या म्हणते, "ठाऊक आहे मला. लहानपणी मीच उपसत होते की."