चौदावा डबा

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी घंटागाडी येते, तुम्ही केराची बादली रिकामी करता आणि कचरा गेला असं म्हणता. कुठे गेला? गावाबाहेर. आपल्याकडे 'गावाबाहेर' नावाची जागा असते. मी चार वर्षं अशा देशात नर्स होते, जिथे गावाबाहेर म्हणजे समुद्र.

तो देश म्हणजे मालदीव. आपल्या लक्षद्वीपच्या दक्षिणेला सुमारे 1,190 बेटं, त्यातली माणसं राहतात ती 200 हून कमी. सगळी जमीन गोळा केली तरी 300 चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एकट्या मुंबईपेक्षाही कितीतरी कमी, आणि ती विखुरलेली आहे उत्तर-दक्षिण 800 किलोमीटरच्या वर. यातली 80 टक्क्यांहून जास्त जमीन समुद्रापासून एक मीटरही उंच नाही. एक मीटर म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातला ओटा आणि वर जेमतेम एक वीत. समुद्र वर चढतोय हे आपण बातम्यांत ऐकतो. ते लोक ते दारात उभं राहून बघतात.

आज बोलायचंय ते अशा बेटावरच्या दवाखान्यातल्या कचऱ्याबद्दल. सुया, सलाईनच्या नळ्या, रक्ताचे बोळे, मुदत संपलेली औषधं.

एक आकडा ध्यानात ठेवा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दवाखान्यातल्या 100 किलो कचऱ्यात साधारण 85 किलो आपल्या घरच्यासारखाच असतो. कागद, खोकी, फळांची सालं. घातक तो उरलेला 15 किलो. पण रक्ताचा एक बोळा त्या 85 मध्ये पडला की सगळे 100 किलो घातक धरावे लागतात. म्हणून वेगळं करायचं ते तिथल्या तिथे, खाटेपाशी, सुई टोचून झाली की त्याच हाताने. मागच्या खोलीत नेऊन नंतर निवडू, असं नाही. तिथल्या तिथे.

वेगळं करून पुढे काय? छोट्या बेटांवर वर्षानुवर्षं एकच उत्तर होतं, खड्डा खणा आणि जाळा. सलाईनची नळी ज्या प्लॅस्टिकची असते, ते अर्धवट जळलं की डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं. बेट एक किलोमीटर लांब, धूर जाणार कुठे? आणि राख मुरते वाळूत. त्या वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा एक पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, बेटावरच्या विहिरींना तोच आधार. राजधानी मालेचा कचरा 1992 पासून थिलाफुशी नावाच्या उथळ खाजणात भर घालत टाकला गेला, तिथेही वर्षानुवर्षं उघड्यावर जाळत. ते जाळणं थांबायला 2021 साल उजाडलं.

जाळण्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे वाफ. घरातला कुकर आठवा, तेच तत्त्व. दाबाखाली 121 अंशांची वाफ अर्धा तास दिली की जंतू मरतात, मग नळ्या-सिरिंजा बारीक करून बिनधोक पाठवता येतात. मात्र वाफेला पाणी लागतं आणि वीज लागते. पुष्कळ बेटांवर पाणी समुद्राचंच गोडं करतात आणि त्यासाठी डिझेल जळतं. डिसेंबर 2014 मध्ये मालेतल्या अशाच पाणी गोडं करण्याच्या केंद्राला आग लागली, तेव्हा आपल्या हवाई दलाची विमानं पिण्याचं पाणी घेऊन गेली होती. पिण्याचीच ही गत, तर कचऱ्याच्या वाफेला पाणी कोण देणार? म्हणून माझा आग्रह असा की यंत्र देताना त्यासोबत सौरऊर्जेचे पत्रे द्या, पावसाच्या पाण्याची टाकी द्या, आणि ते दुरुस्त करणारा माणूस तिथल्याच बेटावर शिकवून तयार करा. खाऱ्या वाऱ्यात नवंकोरं यंत्र दोन पावसाळ्यांत कसं गंजतं, ते मी पाहिलंय. उद्घाटनाला फीत कापणारे पुष्कळ येतात, तेलपाणी करायला कुणी नसतं.

आता त्या रात्रीची गोष्ट सांगते.

आमचं आरोग्य केंद्र किनाऱ्यापासून शंभर-सव्वाशे पावलांवर. मी, एक डॉक्टर आणि मदतीला तिथलीच एक बाई. सगळं बेट तिला 'दात्ता' म्हणे, म्हणजे मोठी ताई, म्हणून मीही म्हणायचे. भरलेल्या सुयांचे डबे मागच्या पडवीत ठेवायचे आणि महिन्यातून एकदा दोनी आली की मोठ्या बेटावर पाठवायचे. दोनी म्हणजे त्यांची होडी. आपल्याकडे सुयांचा डबा पांढरा असतो, तिथे पिवळा होता. डब्यावर पाऊण उंचीला एक रेघ असते. रेघेपर्यंत भरला की झाकण दाबून कायमचं बंद करायचं. रेघेच्या वर एकही सुई नाही.

जूनमध्ये समुद्र खवळला आणि दोनी येईना. एक आठवडा, दोन आठवडे. पडवीत डबे झाले चौदा. जमिनीवरच, भिंतीला टेकून. नवा डबा शिल्लक नव्हता. त्या दिवशी माझी पाळी होती. रेघ गाठलेली दिसत होती तरी मी आणखी सुया आत कोंबल्या. मुलांना ताप होते, रांग होती. झाकण नीट बसलं नाही. उद्या बघू म्हटलं आणि तसाच ठेवला.

इथे थोडं थांबून एक बोलते. त्या रांगेतल्या निम्म्या इंजेक्शनांची गरज नव्हती, गोळीनं भागलं असतं. आपल्याकडेही तेच. सुई टोचल्याशिवाय डॉक्टरनं काही केलंय असं आपल्याला वाटत नाही. कचरा कमी करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे नको ती सुई न टोचणं. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा 'इंजेक्शन द्या' म्हणू नका.

तर रात्री दोनच्या सुमारास दात्ता दार वाजवत आली. 'उधा, उधा!' मी रत्नागिरीकडची, खाडीकाठची. तो शब्द मला शिकवावा लागला नाही, उधाण डोळ्यांसमोर उभं राहिलं. बाहेर आले तर अंगणात गुडघाभर पाणी. लाटा नव्हत्या, पाणी नुसतं आत येत होतं, गुपचूप. पडवीतले डबे उचलले गेले होते आणि अंधारात एकेक करून फाटकाकडे चालले होते. पिवळे, हलत हलत.

मला पोहता येत नाही. समुद्रकाठी जन्मलेल्या मुलीला घरच्यांनी पाण्यात उतरू दिलं नाही, मुलगे मात्र डुंबत असत. कोकणातल्या प्रत्येक शाळेत मुलींना पोहायला शिकवलं पाहिजे, हे मी गेली तीस वर्षं सांगत आले आहे. त्या रात्री दात्तानं माझ्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक खांबाला. ती कमरेएवढ्या पाण्यात पुढे, मी मागे. ती डबा पकडून माझ्याकडे ढकलायची, मी तो गच्चीच्या जिन्यावर ठेवायची. शेजारची दोन मुलं विजेऱ्या घेऊन आली. पहाटेपर्यंत जिन्यावर तेरा डबे. तेराही बंद, एकही सुई सांडली नव्हती.

चौदावा उजाडल्यावर किनाऱ्यावर दिसला. उताणा, झाकण उघडं.

त्या बेटावर मुलं दिवसभर वाळूत अनवाणी असतात. मी दात्ताला सांगितलं की तो डबा माझ्या पाळीचा. ती काही बोलली नाही. घरोघर गेली आणि अर्ध्या तासात बायका झाडू, दंताळे, बांधकामाच्या चाळण्या घेऊन आल्या. तिथल्या बायका रोज पहाटे गल्ल्या आणि किनारा झाडतात, त्यांना वाळूची सवय. पायांत बूट, हातांत जाड मोजे, हातात चिमटा. रोज ओहोटीला तो पट्टा चाळायचा. सापडलेली प्रत्येक सुई दात्ता मोठ्यानं मोजायची. एके, दे, तिने, हतरे, फहे. त्यांची भाषा आपल्या भाषेची लांबची बहीण आहे, ते आकडे मी त्या वाळूवर शिकले.

केंद्रात बदलही झाले. सुतारानं पडवीत खांद्याएवढ्या उंचीवर फळी ठोकली, पाणी जिथवर चढलं होतं तिथे भिंतीवर निळी रेघ ओढली, आणि पावसाळ्यापूर्वीच तीन महिन्यांचे रिकामे डबे आणून ठेवायची पद्धत पडली. श्रोतेहो, यातलं काहीही महाग नव्हतं. सप्टेंबर 2017 मध्ये याच मालदीवच्या राजधानीत आपल्या भागातल्या देशांनी मिळून 'माले जाहीरनामा' मान्य केला, हवामान बदलापुढे आरोग्यसेवा टिकून राहावी यासाठी. चांगली गोष्ट झाली. जाहीरनाम्यातली वाक्यं बेटावर उतरतात ती अशी, एक उंच फळी आणि एक जास्तीचा डबा म्हणून. आणि पुन्हा सांगते, कचरा तिथल्या तिथे वेगळा, रेघेच्या वर एकही सुई नाही.

आम्ही सतरा दिवस वाळू चाळली. शेवटचे चार दिवस काही सापडलं नाही. दात्तानं वहीत आकडा लिहिला, 53. डब्यात मुळात किती सुया होत्या, हे कुणीच मोजलेलं नव्हतं. त्यामुळे काम संपलं की नाही, हे तिला वहीत लिहिता आलं नाही. पुढे दीड वर्षानं मी ते बेट सोडलं. धक्क्यावर मला पोचवायला आलेली मुलं वाटेतल्या त्या पट्ट्याशी थांबली, बगलेतल्या चपला पायांत घातल्या आणि मग पुढे आली.

नमस्कार.